चुन्याच्या निवळीतली अंडी

नोव्हेंबर सरत आला की हिऊमा बेटावर
नऊ वाजले तरी सकाळ फाटकाबाहेर ताटकळत असते
आणि दुपारी साडेतीनला
कुणी हाक मारल्यासारखी निघून जाते.

माइमूमावशीच्या परसात सात कोंबड्या, एक कोंबडा.
दोन आठवड्यांत एकही अंडं नाही.

मी चार दिवसांसाठी ताल्लिनहून आलेलो,
शहरातलं सगळं शहाणपण बॅगेत भरून.
खुराड्यात हात घातला :
गार भुसा, आणि चिनी मातीचं ते खोटं अंडं,
जे ती तिथे ठेवते, त्यांना आठवण राहावी म्हणून.
"दाणे कमी पडत असतील," मी म्हणालो.
"थंडी बाधली असेल. म्हाताऱ्या झाल्या असतील."
ती ओटचा कोंडा कालवत राहिली.
"थंडीचं काय, अंगावर पिसं आहेत.
उजेड नाहीये, तार्मो."

खरंच होतं ते.
कोंबडी डोळ्यांनी बघते ती दाणे टिपण्यापुरतं.
दुसरा एक उजेड
कवटीच्या पातळ हाडातून थेट आत झिरपतो
आणि चौदा तास झिरपत राहिला
तरच खाली निरोप जातो : कामाला लागा.
सहा तासांत निरोप गळ्याशीच विझतो.

शिवाय सप्टेंबरात त्यांनी पिसं झाडली होती.
लोने तर इतकी भुंडी झाली
की बाकीच्या तिच्याकडे बघायचं टाळायच्या.
नवं पीस आणि नवं अंडं
एकाच डब्यातल्या पिठाचं,
आणि डबा लहान.

एक तलंग तेवढी
नोव्हेंबर अर्धा होईपर्यंत घालत राहिली.
वसंतातला जन्म तिचा,
हिवाळा म्हणजे काय, कुणी सांगितलंच नव्हतं.
मग एका रात्री दांडीवर
दोघींच्या मधे दाबून बसली, आणि कळलं असावं.

मी कार्दलाला जाऊन बल्ब आणला. टायमर.
पहाटे तीनला लागेल असा लावला.
तीनला बर्फावर एक पिवळा चौकोन पडला
आणि कोंबडा आरवला.
झाकलं तरी उजाडतं म्हणतात, दूर दक्षिणेत कुठे तरी.
इथे तो घसा फाडून आरवला
आणि उजाडलं नाही.
पुन्हा आरवला.

मावशी बाहेर आली. झोपायचा झगा, रबरी बूट.
वायर ओढली.
अंधारात तिचा आवाज खुराड्यापेक्षा खालून आला :

"मासे डब्यात भरायच्या कारखान्यात मी अठरा वर्षं होते.
महिनाअखेरी आकडा गाठायचा असला
की भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवायचे.
ट्यूबलाइट, स्प्रॅट मासे, ट्यूबलाइट.
रात्रपाळ्या करता करता माझीच पाळी थांबली.
दोन हिवाळे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर ठणठणीत आहे.
होतंच ठणठणीत.
त्याने फक्त नाही म्हटलं होतं."

मग, जरा वेळाने,
"माझ्या परसात कुणी जादा पाळी करणार नाही."

मी काय बोलणार?
म्हटलं, "पण नाताळचा केक?"

ती हसली. हातातली बत्ती घेऊन तळघरात उतरली.
काचेच्या बरणीत चुन्याची निवळी,
आणि तिच्यात जून महिना,
अठ्ठावीस अंडी, टोक खाली करून,
त्या रात्रींची, जेव्हा इथे
अकरा वाजताही कोंबड्यांना हाकलत आत न्यावं लागतं.

केकसाठी चार काढली.
एक मला नाश्त्याला.

मी ते तसंच उकळत्या पाण्यात सोडणार
तोच तिने मनगट धरलं.
चुन्याने कवचाची सगळी भोकं बुजतात, म्हणाली,
आतली हवा वाट शोधते, मग फुटतं.

शिवणाच्या डब्यातून सुई काढली
आणि जाड टोकाला,
अगदी हलक्या हाताने,
टोचलं.