प्रश्न चौदावा

तुंपातच्या बुधवारच्या रात्रबाजारात
मी उभी, गळ्यात ओळखपत्र,
हातात साठ फॉर्म.
फॉर्ममागे पाच रिंगिट. पेन माझंच.

'वनौषधी सुरक्षित असतात असं आपल्याला वाटतं का?'
मुळीच नाही, नाही, सांगता येत नाही, होय, अगदी होय.
पाच चौकोन.
वान सपियाह त्यांच्याकडे बघते
परातीतल्या मासळीचे डोळे बघावेत तशी,
ताजे आहेत की कालचे.

"अगं, झाडाला कुठली कंपनी असते?"
म्हणते, आणि तरीही बाटली उलटी करून
तळाचा चमकता शिक्का नखानं खरवडते,
दिव्याखाली तिरपा धरते.
खरा असेल तर रंग बदलतो.
मी 'होय'वर खूण करते.
मग खोडते.

शेजारी देरामन भोंग्यावर:
वाताला, कंबरेला, दमलेल्या नवऱ्याला,
चव्वेचाळीस दिवसांच्या बाळंतिणीला,
तीन घ्या, चौथी फुकट!
त्याच्या शर्टाच्या खिशात
सरकारी दवाखान्यातली गोळ्यांची पट्टी.
दाब वाढतो म्हणतो,
ओरडून ओरडून.
त्याचा फॉर्म मी भरला नाही.
विक्रेते चालत नाहीत.

प्रश्न चौदावा: डॉक्टरांना सांगता का?
वान सपियाह हसते, सुपारीनं लाल झालेले दात.
"तो विचारतो, गोळ्या घेता? मी म्हणते, घेते.
यात खोटं काय?
सकाळी त्याची साखरेची गोळी,
संध्याकाळी माझा हम्पदु बुमी.
जमिनीचं पित्त ते, कडूजहर.
दोन विहिणींना एका वेळी
कोण बोलावतं जेवायला?"

यासाठी चौकोन नव्हता.

घरी अबाहच्या गुडघ्यांसाठी
एक चूर्ण यायचं, तपकिरी, कागदाच्या पुडीत,
मोटरसायकलवरून.
तिसऱ्या दिवशी गुडघे मोकळे.
दुसऱ्या महिन्यात चेहरा गोल गोल,
आत्या म्हणाली, भरलास हो, तब्येत आली!
सगळ्यांनी मान डोलावली. मीही.
मग तो मोटरसायकलवाला दोन आठवडे आला नाही,
आणि अबाह अंगणात उभ्या उभ्या
धुतलेल्या लुंगीसारखा
दोरीवरून घसरावा तसा खाली आला.

"काही चूर्ण बंद केलंत का?"
वॉर्डातल्या तरुण डॉक्टरणीनं विचारलं.
घेता का, नाही. बंद केलंत का.
इतक्या वर्षांत असं
पहिल्यांदा विचारलं कुणी.
चूर्णात भलतंच काहीतरी मिसळलेलं होतं,
झाडाचं नसलेलं.
मक म्हणाली, झाडाचा काय दोष.
आणि दुसऱ्या दिवशी थर्मासमध्ये
आलं-गवती चहा उकळून घेऊन आली.
डॉक्टरणीलाही दिला. तिनं प्यायला.

आता अबाहकडे काठी आहे
आणि जुनेच गुडघे.
कुणी विषय काढला तर म्हणतो,
"ते तीन महिने मात्र
मी सायकल चालवली. घाटापर्यंत."
यापुढे आम्ही कुणी बोलत नाही.

साडेदहाला भोंगा बंद झाला.
माझे पाय सुजलेले. वान सपियाहला दिसलं असावं.
जाता जाता माझ्या पिशवीत
समुद्रकाकडीच्या तेलाची बाटली टाकली,
"फॉर्ममध्ये लिहू नकोस हं हे."
एकोणसाठ झाले होते.
साठावा मी बसथांब्यावर भरायला घेतला,
वय एकोणतीस, स्त्री, पदवीधर,
आणि तेराव्यापर्यंत भराभर आले.

घरात शिरले तर वास माझ्याआधी पोचलेला.
अबाह जागाच. काही बोलला नाही.
लुंगी जरा वर घेतली, पाय पुढे केला.
मी बाटली उलटी केली.
मकनं न सांगता
फोनचा दिवा धरला
आणि मी नखानं
शिक्क्याची कड शोधू लागले.