कलाफत

अंगठा उडाला.
लोरिसचा उजवा अंगठा, खुर्चीच्या हातावर ठेवलेला,
त्याला न विचारता.
"सापडलं," म्हणाली एर्मिनिया, मशीनवाली,
आणि त्याच्या टोपीवर पेन्सिलीने फुली मारली.
तिथून थोडं पुढे, डाव्या कपाळाच्या वर
टेकवायचं ते आठच्या आकड्याचं वेटोळं.

मला आत बसू दिलं, कानांत बोळे घालून.
टक टक टक टक. मग शांत.
मग पुन्हा टक टक टक टक.
लोरिस म्हणाला, सुतारपक्षी.
मी म्हटलं, नाही रे. बाबा.

बाबा कियोज्जाच्या धक्क्यावर कलाफत करायचे.
फळीफळीच्या सांध्यात ताग ठोसायचे,
लाकडी हातोडीने, कान लावून,
वरून राळ.
पोकळ वाजलं की तिथेच पुन्हा.
पाणी कुठून शिरणार
हे पाण्याच्या आधी त्यांना कळायचं.

मुलाचं नाही कळलं.
रात्रीच्या ट्रॉलरवर अठरा तास जागं राहायला
पहिली रेघ तांडेलानेच ओढून दिली,
बर्फाच्या खोक्याच्या झाकणावर, कॉफी द्यावी तशी.
मग ती समुद्रावर जायला लागायची,
मग जमिनीवर यायला,
मग नुसतं असायला.
तीनदा सोडली त्याने.
म्हणजे किती वेळा धरली,
हे गणित आमच्याकडे कुणी मोठ्याने करत नाही.

घरात मैदा ठेवत नाही मी.
तारल्या मक्याच्या पिठात घोळवते. आई कुरकुरते,
मेल्या माशाला कावीळ झाली म्हणते.
पण पांढरं काही ओट्यावर सांडलं
की लोरिसचं वाक्य मध्येच थांबतं,
आणि तो जिथे जातो तिथे
आम्हाला कुणालाच जाता येत नाही.

पादुआचे डॉक्टर भले. म्हणाले,
आवर घालणारी जागा झोपलीय, तिला हलवून बघू.
काहींना उपयोग होतो. हमी मागू नका.
मी हमी मागितलीच नव्हती.
मी विचारलं होतं, पार्किंगचे पैसे कुठे भरायचे.

पहिला आठवडा दिवसातून दोनदा,
नंतर दर गुरुवारी.
सातव्या गुरुवारी तो मला न्यायला आला नाही.
मी सायकल काढली.
कुठे जायचं ते सायकललाही माहीत होतं.

निळ्या शटरच्या बारमागे गाडी. इंजिन चालू.
त्याने काच खाली केली.
मी आधी त्याच्या बाहुल्या पाहिल्या, सवयीने.
लहान होत्या.
"चाळीस मिनिटं झाली," म्हणाला. "उतरलो नाही."
"का?"
"काय माहीत. हात दाराकडे गेला.
मग परत आला.
दोन्ही वेळा माझाच होता, बहुतेक."

सायकल तिथेच खांबाला लावली.
एर्मिनियाला फोन केला, उशीर होईल.
ती म्हणाली, या, मी थांबते.
पुलावर त्याने विचारलं,
बाबांना एक बोट पुरी करायला किती दिवस लागायचे?
पुरी व्हायची नाहीच, मी म्हटलं.
दर हिवाळ्यात पुन्हा वर ओढायचे.

तो काही बोलला नाही.
पुढे बिटांनी भरलेला ट्रॅक्टर होता,
बाजूला होईना.
त्याची बोटं स्टिअरिंगवर काहीतरी वाजवत होती.
मी कान लावला.