क्वचित

पहाटे साडेपाचला मी पडदा ओढतो.
"काका, उजवी मांडी आणि मनगट. दहा मिनिटं."
माणसं आधी माझ्याकडे बघत नाहीत,
ट्रेमधल्या पात्याकडे बघतात.
खाली मुंबई नाक्यावर ट्रक गिअर बदलत असतात.

बेड अकरा. रंगनाथ मोजाड, त्रेसष्ट, जेल रोड.
नोटांच्या प्रेसमध्ये तपासनीस.
चौतीस वर्षं फक्त चूक शोधली.
रेघ सरकली, आकडा पुसट, शाई फुटली,
काढा बाजूला.
सहीच्या कागदावरचा एकच शब्द त्यांनी धरून ठेवलेला.
"क्वचित म्हणजे किती रे?"
"काका, मी केस काढतो.
टक्केवारी डॉक्टरांकडे."

पाणी कोमट करून आणलं होतं.
गार पाण्यानं माणूस आणखी आखडतो,
हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नाही.
"हात हलका आहे तुझा. कुणाकडून शिकलास?"
"वडिलांकडून."
"दुकान कुठं त्यांचं?"

इथं मी नेहमी खोटं बोलतो,
पंचवटीत सलून होतं म्हणतो.
त्या दिवशी कसं कोण जाणे, खरं निघून गेलं.
"दुकान नव्हतं. रामकुंडावर बसायचे. दहाव्याला."

मांडी दगड झाली.
बोटाच्या चिमट्यावरचा आकडा
ब्याऐंशीवरून एकशे चौदा.

मी पातं खाली ठेवलं.
"काका, गेलेल्याचं डोकं तिथं कुणी करत नाही.
पायरीवर बसतो तो मागं राहिलेला.
उठतो, बुडी मारतो,
अंग पुसून चहाला जातो.
आमच्या दादांनी जन्मभर जिवंतांचीच डोकी केली."

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "चहा?"
"चहा. कुणी कुणी भजीपण."
हसले नाहीत. पण मांडी सैल झाली,
आणि मला माझं काम करता आलं.

बाहेरच्या बाकावर प्रमिलाबाई.
मांडीवर पिशवी, पिशवीत चष्मा, कवळी, अंगठी.
मी चार वेळा तिथून गेलो,
चारही वेळा त्या पिशवीत हात घालून मोजत होत्या.
तीन तर वस्तू.

परत आले ते पाय सरळ ठेवून,
जांघेवर वाळूची पिशवी, सहा तास हलायचं नाही.
आता भीती बारीक झाली होती,
खोकल्याएवढी, शिंकेएवढी.
पेनातल्या स्प्रिंगसारखी ती जाळी आत बसवलीय,
सरकली तर?
आणि समोर हिरवी रेघ.
चौतीस वर्षांचा डोळा, सोडतोय थोडाच.
"ही बघ, ही जाड आली. ही रद्द."
सिस्टर मंजूनं मॉनिटर भिंतीकडे वळवला.
"तपासणी आता माझ्याकडे.
तुम्ही रिटायर झालात ना?"

रात्री दोनला म्हणे त्यांनी हाक मारली,
"सिस्टर, माल ठीक?"
"ठीक."
चारला पुन्हा.
साडेपाचला मी आलो तेव्हा
मंजू खुर्चीतच, जागी,
न विचारता "ठीक" म्हणाली. मलाच.

तिसऱ्या दिवशी सोडणार होते.
"दाढी कर," म्हणाले, "असलं तोंड घेऊन घरी जात नाही."
हे माझं काम नाही. चार्टवर लिहिलेलं नसतं.
केली.
गळ्याशी आलो आणि हात माझाच थबकला.
कातडीखाली शीर उडत होती.
वाकून पाहिली. डावीकडून, उजवीकडून.
बाजूला काढावं असं काही दिसलं नाही.

"काका, मान जरा वर."
उत्तर नाही.
तोंड उघडं, एका गालावर फेस सुकत आलेला,
पात्याखाली माणूस झोपला होता.

प्रमिलाबाई दारात आल्या,
खाली रिक्षा थांबलीय म्हणाल्या.
मी म्हटलं,
थांबू द्या.