रात्री आठनंतर

तक्रार मीच केली होती.
मासळीबाजारात पहाटे तीनला हजर व्हावं लागतं
आणि माझ्या खिडकीखालच्या चौकात
खांबावरचा तो पत्र्याचा पक्षी
उभ्या रस्त्याला काक्को, काक्को,
आडव्या रस्त्याला पियो, पियो.
मी नगरपालिकेला लिहिलं :
झोप हीसुद्धा सुरक्षितताच असते.
वाक्य माझं मलाच आवडलं होतं.
त्यांनाही आवडलं असावं,
कारण आठवड्यात पक्ष्याच्या घशाला टाइमर बसला.
रात्री आठ ते सकाळी आठ, मुका.

मग जानेवारीत एकदा दाढेने जागं ठेवलं.
दहा वाजून गेलेले. बर्फ असा पडत होता
की मुरोरानचं अख्खं बंदर कुणी कापसात गुंडाळून ठेवावं.
खाली एक माणूस, पांढरी काठी.
पायांना वाट सांगणारे पिवळे ठिपके
कधीच बर्फाखाली गेलेले.
हिरवा झाला. तो हलला नाही.
लाल. पुन्हा हिरवा.
मान तिरपी करून तो टायर ऐकू पाहत होता,
पण बर्फात टायरला आवाज नसतो
आणि विजेवरच्या नव्या गाड्या तर मांजरीच्या पावलांनी येतात.
तिसरा हिरवा माझ्या डोळ्यांदेखत वाया गेला.

खिडकी उघडली. थंडी थोबाडीत बसली.
"आता!" सुजल्या गालाने ओरडले, "आता जा!"
तो दचकला,
शेजारच्या खिडकीकडे तोंड करून वाकला,
आणि निघाला.
अठरा पावलं. मी मोजली.

नाव इगाराशी, मालिश करतो,
शेवटचं गिऱ्हाईक साडेनऊला :
हे पुष्कळ नंतर कळलं.
तो हिवाळाभर मी दहाचा गजर लावला.
आमच्यात रोज एकच शब्द, दुसऱ्या मजल्यावरून खाली.
झोपेचं काय झालं ते विचारू नका.

एप्रिलात दुसरं पत्र लिहिलं.
त्यात एकही चांगलं वाक्य नव्हतं.

शिडी घेऊन होरिए नावाची तंत्रज्ञ आली,
नाकावर ग्रीसचा डाग.
म्हणाली, आता खांबाला कानही आहेत,
चौक गजबजला की मोठ्याने, निजला की कुजबुजत बोलेल.
त्यांच्या खिशातला फोन जवळ आला
की रात्रीही घसा खाकरेल, हलकेच.
कुणी मध्येच असेल, तर हिरवा थोडा थांबेल.
"आणि सेन्सरवर बर्फ साचला तर?"
ती बराच वेळ वर बघत राहिली.
"तर पुसावा लागेल," म्हणाली. "कुणीतरी."

यंदा माझ्या दाराशी लांब दांड्याचा झाडू आहे.
दहाला पक्षी कुजबुजतो,
मागोमाग काठी : टक, टक.
मी अंथरुणातूनच अठरापर्यंत मोजते.

काल काठी सतराला थांबली.
पाय गार फरशीवर टाकले, काच पुसली.
पलीकडच्या कडेला, एका पायावर,
तो बुटातला बर्फ झटकत होता.