एक्केचाळीस सेंटिमीटर

चातुर्मासात लग्नं नसतात.
म्हणून मी, कोमल डिजिटलचा बद्रीनाथ,
आरेफा मॅडमच्या सर्वेक्षणाला रोजंदारीवर लागलो.
कायगावच्या फुगवट्यावर,
जिथं गोदावरी धरणाला जाऊन मिळते आणि वाहायचं विसरते.

नवरदेवाला सांगता येतं, मान जरा इकडं,
करवलीला सांगता येतं, हस.
माशाला काय सांगणार?

कॅमेऱ्याला डबा मीच केला, जाड ॲक्रिलिकचा,
कडांना काचेच्या टाकीवाल्याकडचं सिलिकॉन.
पहिल्या दिवशी आत थेंब आला तेव्हा
पोटात गोळा आला, हप्ते अजून सात बाकी होते.
दिवा लावला तर मासा उजळत नाही,
गाळ उजळतो,
वरातीच्या हॅलोजनपुढं किडे उजळतात तसा.

मॅडम काळ्यापांढऱ्या चार पाकळ्यांची थाळी
दोरीनं खाली सोडतात.
दिसेनाशी झाली की दोरी मोजतात.
एक्केचाळीस सेंटिमीटर.
"म्हंजे एक हात बी नाही की," होडीतून गयाबाई लिंबोरे,
"एवढ्यात तुम्ही काय धुंडू लागलात?"
आणि वल्ह्याचं एक टोक पाण्यात, दुसरं कानाला लावून
डोळे मिटून बसली.
"शिंगटा हाय. दोन. आता गेले."

मी रात्री बसून क्लिपा बघायचो.
तपकिरी. तपकिरी. हिरवट तपकिरी.
एक चिलापी, भिंगावर तोंड आपटून गेलेली.
पुन्हा तपकिरी, चार तास.
लग्नात असलं सगळं कापून टाकतो आम्ही,
जेवणाची रांग, रुसलेला मामा, लाईट गेली ती वीस मिनिटं.
मॅडम म्हणाल्या, कापू नकोस.
काही दिसलं नाही, हेही लिहायचं असतं.
मी वहीत लिहू लागलो, शून्य, शून्य,
वेळ घालून, तारीख घालून.

भाद्रपदातल्या अकराव्या क्लिपमध्ये
पाणकणसाच्या मुळाशी मरळ होती.
हलत नव्हती. नुसते पंख.
तिच्या पोटाखाली तांबूस धुरळा,
तो धुरळा वळला तेव्हा कळलं, पिल्लं आहेत.
शे-दीडशे, प्रत्येकाला दोन डोळे.
पाण्यात कॅमेरा होता, मी खोलीत,
तरी श्वास मीच धरला.

गयाबाईला लॅपटॉपवर दाखवायला घेऊन गेलो.
"पिलांवरची मरळ आमच्यात धरीत नाहीत," ती म्हणाली,
"सासू सांगायची, धरली की घरात लेकरू रडतं."
मग एकदम, "थांबव."

मागं एक सरळ रेघ होती.
पाण्यात सरळ रेघ नसते.
मग दुसरी, मग चौकट, मग सगळं नायलॉन,
त्यात कासवाची रिकामी पाठ,
एक पाणकावळा, नुसती पिसं आणि चोच.
ती पडद्याला नाक लावून बघत राहिली.
"गाठ बघ. उलटी हाय. मी डावरी."

तीन वर्षांपूर्वी वादळात तुटून गेलेलं जाळं.
बाराशे रुपये, उसने.
"मालकीण घरी झोपत व्हती," गयाबाई म्हणाली,
"अन् जाळं कामावर जात व्हतं."

मॅडमच्या फॉर्मात एक रकाना आहे, जाळ्याचा मालक.
आजवर सगळीकडं 'अज्ञात'.
"माझं नाव लिव्हा."
मॅडम पेन हातात घेऊन बसल्या.
"लिव्हा की. मासे वळखत नसतील, मी वळखते."

सकाळी ती कासोटा मारून उतरली, दातात विळा.
मॅडम म्हणाल्या, दोरी तरी बांधा कमरेला.
तिनं ऐकलं नाही.
मी डबा हातानं धरून होतो.

त्या क्लिपमध्ये बघण्यासारखं काही नाही.
फेस, गाळ, एकदा हिरव्या बांगड्यांचा हात
भिंगाच्या अगदी पुढ्यात, मग परत तपकिरी.
आवाज मात्र आहे.
कच्. थांबून, कच्.
सव्वीस मिनिटं, मध्ये श्वासाला वर आल्याच्या खुणा.

तुळशीचं लग्न झालं की माझा फोन वाजायला लागेल.
तोवर ही एवढी फाईल मी कापलेली नाही.
मरळ त्या दिवशी दिसली नाही.
तेही लिहिलं.