शून्य बाइटची फाईल

तार्तूमध्ये फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणीस.
लेलो कांग्रोचा फोन आला तेव्हा
मी थर्मासमधली उरलीसुरली कॉफी ओतत होतो.
"उघडत नाहीये," ती म्हणाली. एवढंच.
दलदलीवर काम करणारी माणसं
तशीही कमीच बोलतात.

मी तिच्या खोलीत जाऊन बघितलं.
खिडकी उमटते, क्षणभर
याद्या आता येतील, आता येतील असं वाटतं,
आणि मिटते.
ना तक्रार, ना लाल फुली.
दार वाजवून पळून जाणाऱ्या पोरासारखी.

अकरा वर्षांचे संदर्भ. सहा हजार दोनशे चौदा.
पीट कुठे किती खोल, कोणत्या साली, कोणी मोजलं,
शेवाळाच्या कुठल्या थरात कुठल्या शतकाचे परागकण.
आणि हे काही तिच्या टेबलावर नाही,
तीन इमारती पलीकडे, तळघरातल्या सर्व्हरवर,
के नावाच्या ड्राइव्हवर.
आम्हीच सांगितलं होतं सगळ्यांना:
तिथे ठेवा, निर्धास्त राहा.

पहिला संशय घेतला तो एका अक्षरावर.
आमच्या भाषेत एक ओ आहे, डोक्यावर लाट घेतलेला.
परके प्रोग्राम त्याला ठेचकाळतात.
तिच्या फोल्डरच्या नावात तो दोनदा होता.
मी लाटा पुसल्या.
काही झालं नाही,
फक्त एका शब्दाचा चेहरा गेला.
लाटा परत लावल्या.

मग परवानग्या. मग मार्ग. मग केबल,
जिला मी उगाच हलवून बघितलं,
आजाऱ्याची उशी सारखी करावी तसं.
"उद्या दहाला समिती आहे, रीहो," लेलो म्हणाली.
"दलदल ठेवायची की खणायला द्यायची."
आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी.
मला बरं वाटलं. कोणी बघत असलं
की माझी बोटं खोटं काम करायला लागतात.

पावणेबाराला ती सापडली.
डेटाबेसच्या शेजारी, शून्य बाइटची फाईल.
आत अक्षर नाही. तिचं असणं हाच निरोप:
आत कोणीतरी आहे.
पुसायला गेलो तर म्हणे, वापरात आहे.
कोणाच्या?

सर्व्हरला विचारलं. त्यानं नाव दिलं:
वाल्वुर. म्हणजे राखणदार.
म्हणजे माझा बॅकअप,
दहा वर्षांपूर्वी एका रविवारी मीच लिहिलेला,
रोज रात्री सगळ्यांच्या फायली
एकेक करून उचलून नेणारा.
तीन रात्रींपूर्वी गारठ्यात लाइन तुटली
तेव्हा हा नेमका इथे होता, या रिकाम्या फाईलपाशी.
लाइन परत आली. याला कोणी सांगितलं नाही.
तो अजून तिथेच, मूठ आवळून,
ज्यात काहीच नाही ते सांभाळत.

कुंपणानं शेत खाल्लं असतं तर शिवी तरी दिली असती.
हे कुंपण नुसतं दारात आडवं उभं होतं, इमानानं.

मी त्याला सोडवलं. फाईल पुसली.
सगळा डेटाबेस तिच्याच यंत्रावर आणून ठेवला,
तिच्या पायाशी, टेबलाखाली,
जिथे तो पहिल्यापासून असायला हवा होता.
खिडकी उमटली, आणि राहिली.
लेलोनं आभार मानले नाहीत. खुर्ची ओढली,
शोधात १९३१ टाकलं,
आणि पडद्यावर कोणा मेलेल्या माणसानं
बांबूएवढ्या काठीनं मोजलेली खोली आली:
चार मीटर साठ.
"हीच," ती म्हणाली. मला नाही, त्याला.

तक्रार बंद करताना फॉर्म विचारतो, कारण.
पर्याय तीन: वापरकर्ता, यंत्र, अज्ञात.
मी अज्ञात निवडलं.

गुरुवारी माझ्या टेबलावर बरणी होती,
दलदलीतली लाल आंबट फळं, साखरेत घातलेली.
चिठ्ठी नाही. समितीचं काय झालं
ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
झाकण घट्ट बसलंय.
गरम पाण्याखाली धरून झालं,
सुरीच्या मुठीनं ठोकून झालं.
अजून उघडलेली नाही.