बेदाण्याला बेदाणे चालत नाहीत

नाव ओजसने ठेवलेलं. खालच्या मजल्यावरच्या
बोरस्त्यांचा ओजस. नोकरी लागली हैदराबादला,
खोलीवर प्राणी चालत नाही म्हणाला,
आणि रविवारी दुपारी पिंजरा माझ्या दारात.
सोबत वहीचं एक पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं.
पहिलीच ओळ, खाली दोन रेघा मारून:
मावशी, याला बेदाणे देऊ नका.

आता पिंपळगावच्या पॅकहाऊसात अकरा वर्षं
द्राक्षं निवडणाऱ्या बाईच्या घरात
हा नियम म्हणजे
हलवायाच्या घरी मधुमेह.

कमल पगार बघायला आली.
उंदीरच की गं, म्हणाली.
उंदीर नाही, चिंचिला.
चिंच काय नि चिला काय, शेपूट आहे ना?
शेपूट आहे. खारीची असावी तशी.
कान मात्र भलत्याच कुणाचे, पातळ,
उजेडात शिरा दिसतात.

पाण्याने आंघोळ घालायची नाही.
केस इतके दाट की ओल आत राहते, बुरशी धरते.
राखेसारखी भुकटी मिळते डब्यात,
ती परातीत ओतायची आणि बाजूला व्हायचं.
तो लोळतो, गिरक्या घेतो, फुर्रकन उठतो, पुन्हा लोळतो.
सकाळी मी पुसत बसते
टीव्ही, देव, भाकरीचा डबा.
रामकुंडावर कुठून कुठून माणसं पाण्याला येतात
आणि सिडकोत, माझ्या घरी,
हा धुळीने स्वच्छ होतो.

तिसऱ्या दिवशी चुकले.
दार उघडं राहिलं, तो कपाटामागे,
मी घाईत वरून झडप घातली.
तो निसटला. माझ्या मुठीत केसांचा पुंजका,
धुरासारखा, वजनच नाही.
त्याच्या पाठीवर रुपयाएवढी उघडी जागा.
मला वाटलं, मारलंच मी याला.
डॉक्टर आहेर फोनवर म्हणाले,
घाबरला की तो केस सोडून देतो.
कोल्ह्याच्या तोंडात केस राहतात, हा पुढे जातो.
येतील परत. दोन-तीन महिने धरा.
पुंजका मी टाकला नाही.
काड्यापेटीत आहे.

हंगामात नव्या पोरी येतात,
त्यांना मीच शिकवते: घड देठाला धरायचा.
मण्याला बोट लावलं की पांढरी लव पुसली जाते,
मग माल हाताळलेला दिसतो,
बोटीत चढत नाही.
अकरा वर्षं हेच सांगतेय.
आणि घरी येऊन वरून झडप.

आता जमिनीवर बसते, हात उताणा ठेवून.
रात्रीचे अकरा, ही त्याची सकाळ.
ओजसच्या मामाच्या अंगणात एक वेल आहे,
औषध न मारलेली.
तिच्या छाटणीच्या काड्या आणल्यात,
त्या कुरतडतो, दात झिजवतो.
दात पिवळेधमक हवेत याचे,
पांढरे पडले तर काळजी.
आपलं उलटं.

एप्रिल. पारा एकोणचाळीस.
निफाडकडे थंडीत बागांतून शेकोट्या पेटवतात,
घड गारठू नयेत म्हणून.
त्या रात्री याला मानवल्या असत्या,
शेकोटीपासून लांब.
वीज गेली की फ्रीझरमधला शहाबादीचा तुकडा
पिंजऱ्यात सरकवते, खिडकीला जाड चादर,
आणि कान बघत राहते. लाल झाले तर
नाही झाले. अजून तरी नाही.

पानाच्या मागे, अगदी खाली, बारीक अक्षरात:
नीट सांभाळलं तर वीस वर्षं जगतो.
हा दोन वर्षांचा. मी त्रेपन्न.
बेरीज केली.
पुन्हा केली.

काल रात्री तळहातावर चढला, आपणहून.
अर्धा किलो, वर वीस-पंचवीस ग्रॅम.
इतक्या वर्षांच्या हाताला काटा लागत नाही.
बोटं मिटली नाहीत मी.
पायाला मुंग्या आल्या होत्या.
येऊ दिल्या.